शनिवारी अकराव्या मजल्यावर

छोट्या मित्रांनो, वर जाणे आणि खाली येणे याखेरीज मला काही येत नाही, आणि तेही आता मी कुरकुरतच करते. मी न्यूयॉर्क शहरातल्या एका इमारतीची लिफ्ट आहे. मॅनहॅटनच्या पूर्व काठाला, नदीवरच्या पुलाजवळ आमची विटांची इमारत उभी आहे. तुम्ही माझ्यात कधी चढला नसाल. पण चढलात, आणि तो वार शनिवार असला, तर घाबरू नका. शनिवारी मी कुणी न बोलावता थांबते आणि कुणी नसले तरी दार उघडते. त्याला कारण आहे. तेच सांगण्यासाठी मी बोलते आहे.

माझा जन्म शहराच्या उत्तरेला एका कारखान्यात झाला. तिथे मला अक्रोडाच्या लाकडाच्या भिंती मिळाल्या, पितळेचा कठडा मिळाला आणि पोलादी दोरांवर लोंबकळण्याचा धीर मिळाला. ही इमारत शिवणकामाच्या कारखान्यांत राबणाऱ्या लोकांनी एकत्र येऊन बांधली होती. इथे कुणी घर विकत घेत नाही. सोसायटीचे शेअर घ्यायचे आणि सभासद होऊन राहायचे, अशी इथली रीत. पहिल्या दिवशी बायका माझ्यात चढल्या आणि कठड्यावरून हात फिरवू लागल्या.

"हे आपलं?" एकीने विचारले.

"आपलंच. म्हणून तर सांगते, खरकटा हात लावू नकोस," दुसरी म्हणाली.

तेव्हापासून मी त्यांची झाले.

सुरुवातीला मला चालवायला टोपीवाला माणूस होता. पुढे बटणे आली आणि तो गेला. तो गेल्यावर एक अडचण उभी राहिली. आमच्या इमारतीत बरीच ज्यू कुटुंबे आहेत. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी आकाशात तारे दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ असतो. जे तो पाळतात ते त्या वेळात काम करत नाहीत, विस्तव पेटवत नाहीत, विजेचे बटणही दाबत नाहीत. ज्यांच्या पायांत जोर होता त्यांनी जिने चढून पाहिले. ज्यांच्या पायांत नव्हता ते घरात बसले. मग कमिटीने माझ्या अंगात एक किल्ली बसवली. शुक्रवारी संध्याकाळी ती फिरवली की मी दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत आपोआप चालते. प्रत्येक मजल्यावर थांबते, दार उघडते, थोडी वाट पाहते, दार मिटते. कुणाला काही दाबावे लागत नाही.

हा निर्णय तळघरात धुलाईच्या खोलीत झाला. माझे यंत्र त्या खोलीच्या भिंतीला लागून आहे, आणि कमिटीच्या बैठका तिथेच होतात, कारण हिवाळ्यात तेवढीच जागा उबदार असते. सोसायटीचे वकील तेव्हा इझिडोर ब्लाउस्टाइन होते. सगळे त्यांना इझी म्हणत. ते सहाव्या मजल्यावर राहत आणि शब्बाथ वगैरे पाळत नसत.

"इझी, या किल्लीचा ठराव लिहून ठेवायचा का?" कुणी तरी विचारले.

"लिहायचा कशाला?" इझी म्हणाले. "ज्याला हे माहीत नाही असा एक तरी माणूस आहे का इथे?"

तसा कुणी नव्हता. हातात हात दिले गेले, आणि सगळे आपापले कपडे गोळा करून वर गेले.

इझींची कचेरी दूर शहरात होती, पण खरी कचेरी म्हणजे माझा डावा कोपरा. कठड्याला पाठ टेकून ते उभे राहत आणि लोक त्यांना वाटेत गाठत. तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत मृत्युपत्र, तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत जावयाची तक्रार, आणि सहाव्यावर दार उघडले की, "उद्या बोलू, माझी बायको सूप गार होऊ देत नाही." सोसायटीचे वकील आणि आपले वकील यांत काही फरक असतो, हे इथे कुणाच्या डोक्यात कधी आलेच नाही. इझी सगळ्यांचेच होते.

इझी गेले. त्यानंतरही कितीतरी महिने लोक माझ्यात चढत आणि डाव्या कोपऱ्याकडे वळून बोलायला तोंड उघडत. मग तोंड मिटून वरचे आकडे पाहत राहत. तो कोपरा आजही सगळ्यांत शेवटी भरतो. गर्दी असली तरी माणसे त्याला सोडून उभी राहतात.

आता फायगाबद्दल सांगते. फायगा रोटब्लाट अकराव्या मजल्यावर राहायची. तिचा नवरा झेलिग कपड्यांना इस्त्री करण्याच्या कारखान्यात होता आणि तो जाऊन बरीच वर्षे झाली होती. मुलगी पेर्ला नदीपलीकडे राहायची. आठवड्याचे बाकीचे दिवस फायगाला बाजार होता, दवाखाना होता. तिथे ती एक म्हातारी बाई होती. शनिवारी ती प्रार्थनाघरात जायची, आणि तिथे तिला आल्या आल्या कुणी तरी सरकून जागा द्यायचे, आणि ती झेलिगची फायगा व्हायची. त्या एका दिवसासाठी ती बाकीचे दिवस काढायची, असे मला तिच्या उभे राहण्यावरून वाटायचे. शनिवारी ती कठडा धरायची नाही.

इझींनंतर सोसायटीला वकील हवा होता. अध्यक्ष मरे फेल्डशर हे निवृत्त औषधविक्रेते. माणूस वाईट नव्हता, पण अनोळखी माणसाला पैसे द्यायचे म्हटले की त्यांना धाप लागायची. त्यांनी इझींच्या पुतण्याला नेमले. तो टॅक्सीच्या अपघातांचे दावे लढायचा.

"घरातलाच आहे," मरे म्हणाले.

थोड्याच दिवसांत नवव्या मजल्यावर राहायला आलेल्या एका जोडप्याने तक्रार केली, की शनिवारी लिफ्ट फार वेळ लावते आणि आम्हाला कुणी विचारले नव्हते. पुतण्याने जुने ठराव चाळले. किल्लीचा ठराव सापडला नाही, कारण तो कधी झालाच नव्हता. त्याने मरेंना कळवले: मंजुरी नाही, तेव्हा किल्ली ताबडतोब बंद करा, नाहीतर हे प्रकरण अंगाशी येईल. मरे घाबरले. इमारतीची देखभाल करणाऱ्या बाश्किमला त्यांनी किल्ली काढून घ्यायला सांगितली.

"किती दिवसांसाठी?" बाश्किमने विचारले.

"तात्पुरती. आता चांगला वकील नेमतो, त्याला विचारतो आणि मग बघू."

म्हणजे मित्रांनो, फायगाचा शनिवार आता नव्या वकिलाच्या नेमणुकीला बांधला गेला. आणि हिवाळा सुरू झाला होता.

पहिल्या शनिवारी ती अकराव्यावर माझ्या बंद दारासमोर टोपी घालून उभी राहिली. मला दारापलीकडे तिची चाहूल कळत होती, पण बटण दाबल्याखेरीज मला हलता येत नव्हते. मी तळमजल्यावर उभी होते आणि ती तिथे उभी होती. मग ती आत गेली.

हे बाश्किमला कळले. तो ज्यू नव्हता आणि स्वतःच्या कामासाठी लिफ्टने जाणारच असेल, तर फायगाला त्याच्याबरोबर चढायला हरकत नव्हती. फक्त त्याने तिच्यासाठी बटण दाबलेले तिला चालणार नव्हते. पुढच्या शनिवारी तो शिडी आणि दिवा घेऊन अकराव्या मजल्यावर आला.

"दिवा गेला होता, मिसेस रोटब्लाट. बदलला. आता खाली जातोय."

ती चढली. त्यानंतरच्या शनिवारी पुन्हा दिवा गेला होता. तिसऱ्या खेपेला ती आत आली नाही.

"बाश्किम, अकराव्या मजल्यावर इतके दिवे जातात कसे रे?"

"जुन्या तारा आहेत."

"खोटं बोलताना तुझे कान लाल होतात. तुझ्या बायकोला विचार." मग ती हळू आवाजात म्हणाली, "तू चांगला आहेस. पण हे तू माझ्यासाठी करतोस, आणि आता ते मला कळलंय. कळल्यावर नाही चालत."

बाश्किम शिडी घेऊन एकटाच खाली आला. तळमजल्यापर्यंत त्याने मान वर केली नाही.

पेर्लाने येऊन भांडून पाहिले. ती स्वतः काही पाळत नव्हती. "आई, मी दाबते बटण. पाप मला लागू दे."

"तुझं आधीचं कुठे ठेवू ते कळत नाही, त्यात हे आणखी."

"मग शनिवारी माझ्याकडे राहायला ये."

"तिकडे मला कोण ओळखतं? तू ओळखतेस, तीसुद्धा घाईत."

पेर्ला हसली नाही. तिने आईच्या कोटाचे वरचे बटण लावले.

शेवटी मरेंनी वकिलांना मुलाखतीला बोलावले. त्या दिवशी फायगा कपड्यांची टोपली घेऊन तळघरात उतरली आणि धुलाईच्या खोलीत खुर्चीवर बसली.

"फायगा, इथे बैठक आहे," मरे म्हणाले.

"बस ना. मी कपडे धुतेय."

"मशीन रिकामं आहे."

"अजून भरलं नाही."

मरेंनी कपाळाला हात लावला, पण तिला उठवायची त्यांची छाती झाली नाही. ती मुलाखती ऐकत बसली. माझे यंत्रही भिंतीपलीकडे ऐकत होते.

पहिले गृहस्थ मोठ्या कचेरीतून आले होते. त्यांनी मरेंकडे झुकून विचारले, "कमिटीला नेमकं काय हवंय ते सांगा. त्याला लागेल तो कायदा मी शोधतो." मरेंना ते फार आवडले. दुसऱ्या होत्या इव्हेलीस कार्दोना. जवळच्याच गल्लीत वाढलेल्या, आईबाप पोर्तो रिकोचे. त्या बसण्याआधीच म्हणाल्या, "तुमच्यापैकी कुणाला स्वतःच्या घराबद्दल काही विचारायचं असेल, तर आत्ताच सांगते, ते मला विचारता येणार नाही. मी सोसायटीची वकील असेन. अध्यक्षांची नाही, कमिटीतल्या कुणाची नाही, सभासदाचीही नाही."

कपडे वाळवायचे यंत्र तेवढे घरघरत होते.

"इझी असं कधी म्हणाला नाही," मरे म्हणाले.

"म्हणायला हवं होतं," कार्दोना म्हणाल्या.

मुलाखत संपल्यावर फायगा आणली तशीच रिकामी टोपली घेऊन त्यांच्याबरोबर माझ्यात चढली. तो रविवार होता, तेव्हा बटण तिनेच दाबले, पण तळमजल्याचे न दाबता अकरावे दाबले, म्हणजे बोलायला वेळ मिळावा.

"ऐक पोरी," ती म्हणाली. "तू मला पसंत आहेस. आता माझं ऐकून घे."

"मिसेस रोटब्लाट, थांबा. मला नेमलं तर मी सोसायटीची असेन. तुम्ही मला जे सांगाल ते मी तुमच्या बाजूने वापरीनच असं नाही."

"सोसायटी म्हणजे कोण? माझ्या कपाटात शेअर आहेत. सोसायटी मीच आहे."

"तुम्ही आहात, आणि नवव्या मजल्यावरचं जोडपंही आहे."

फायगाने टोपली दुसऱ्या हातात घेतली. पाचवा मजला गेला, सहावा गेला. "मग माझी वकील कोण?"

"तुम्हाला वेगळा वकील करावा लागेल. मी नावं देऊ शकते."

"माझ्याच घराविरुद्ध?"

कार्दोनांनी वरच्या आकड्यांकडे पाहिले. नऊ, दहा. मग म्हणाल्या, "मी फक्त विचारते. शनिवारी तुम्हाला खाली जाता आलं नाही, तर काय होतं?"

अकरावा आला. दार उघडले तरी फायगा बाहेर पडली नाही.

"काही होत नाही," ती म्हणाली. "तेच तर सांगते. दिवसभर काहीच होत नाही."

कार्दोनांच्या नेमणुकीला उशीर होत गेला. कमिटीत निम्मे मोठ्या कचेरीच्या बाजूने होते, निम्मे कार्दोनांच्या. मरे म्हणाले, सणानंतर ठरवू. मग म्हणाले, बर्फ वितळू दे. शब्बाथ पाळणारे इतर थोडे खालच्या मजल्यांवर होते, त्यांना जिना जमत होता; बाकी कुणाला काही घाई नव्हती. ज्याचे त्याचे बटण चालू होते.

कडक थंडीतल्या एका शनिवारी फायगा जिन्याने उतरली. एकेक पायरी, भिंतीला हात लावून. प्रार्थनाघरात जाऊन आली, पण वर चढणे तिला शक्य नव्हते. ती तळमजल्यावरच्या बाकावर, माझ्या दारासमोर बसली. दुपार झाली. माणसे आत शिरत होती, बाहेर पडत होती आणि प्रत्येक वेळी माझे दार तिच्या तोंडावर उघडून मिटत होते. मरे बाहेरून आले.

"फायगा, मी वर चाललोच आहे. ये ना."

"तू सातव्यावर राहतोस, मरे."

"अकराव्यापर्यंत येतो."

"म्हणूनच नाही."

मरे तिच्या शेजारी बसले. काही वेळाने ते उठले आणि जिन्याने वर गेले. तारे दिसल्यावर ती आत आली. त्या दिवशी तिने कठडा धरला, आणि तिचा हात पितळेपेक्षा गार होता.

पुढच्या शनिवारी ती खाली आली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी दिवसा कधी तरी ती खुर्चीत बसल्या बसल्याच वारली. टोपी डोक्यावर होती, असे माझ्यात कुणी तरी कुणाला तरी सांगितले. संध्याकाळ उलटल्यावर दोन माणसांनी तिला माझ्यात आणले. मागून पेर्ला आली. तिने तळमजल्याचे बटण दाबले आणि बोट बराच वेळ तिथेच ठेवले. शनिवारी उघडपणे फायगासाठी दुसऱ्याने बटण दाबायची ती पहिलीच वेळ. या वेळी ती नको म्हणाली नाही.

त्याच आठवड्यात कमिटी बसली आणि कार्दोनांना नेमले. कुणी विरोध केला नाही. त्यांनी तिथल्या तिथे पहिला सल्ला दिला. ठराव लिहिलेला नाही म्हणजे हक्क नाही, असे होत नाही. इतकी वर्षे चालत आलेली, माणसांच्या धर्मासाठी आणि पायांसाठी लागणारी सोय अशी एका कागदाने काढून घेतली, तर सोसायटीवर दावा होईल आणि सोसायटी तो हरेल. म्हणून सोसायटीच्या भल्यासाठी किल्ली आजच परत बसवा, आणि या वेळी लिहून ठेवा.

"एवढंच होतं?" मरेंनी विचारले.

"एवढंच होतं."

"हे तुम्ही मुलाखतीतही सांगू शकला असता."

"तेव्हा मी तुमची वकील नव्हते. आणि तुम्ही विचारलंही नाहीत."

शुक्रवारी सूर्य मावळताना बाश्किमने किल्ली फिरवली. शनिवारी सकाळी मी निघाले. दुसरा मजला, तिसरा, चौथा. काही दारांत माणसे होती, काही दारांत नव्हती. अकराव्यावर दार उघडले. समोर तिचे दार, पायपुसणे, भिंतीवरचा नवा दिवा. मी नेमाने थांबते तेवढा वेळ थांबले. कुणी आले नाही. पण मित्रांनो, लिफ्टला वजन आधी कळते, माणूस नंतर. माझे दोर तिच्या वजनासाठी आवळून तयार झाले होते. ते सैल व्हायला पुढचा मजला यावा लागला.

तेव्हापासून दर शनिवारी तसेच होते. आत कितीही गप्पा चालू असोत, अकराव्यावर त्या थांबतात. नवव्या मजल्यावरचे जोडपे तेव्हा हातातल्या पिशव्यांकडे पाहते. मरे काही आठवडे जिन्यानेच गेले. मग एकदा कार्दोना कामासाठी आल्या असताना मरेंनी त्यांना माझ्यातच गाठले. घसा खाकरून ते म्हणाले, "आता अकराव्यावर शब्बाथ पाळणारं कुणी नाही. यंत्राला तेवढा मजला वगळता येईल ना? कायद्याने काही हरकत?"

"हे सोसायटी विचारतेय की तुम्ही?"

"मी," मरे म्हणाले. "मला ते दार बघवत नाही."

"त्याला वकिलाचा उपयोग नाही, मरे," कार्दोना म्हणाल्या, आणि त्यांच्या दंडाला हात लावून सातव्यावर त्यांना उतरू दिले.

पेर्ला महिन्यातून एखाद्या शनिवारी येते. घर आवरायला येते म्हणते. ती काही पाळत नाही, तरी बटण दाबत नाही. कडेला उभी राहते आणि मी एकेक मजला घेत वर जाईपर्यंत थांबते. अकराव्यावर दार उघडते. कधी ती बाहेर पडते, कधी पडतच नाही. समोर पाहत उभी राहते आणि माझ्याबरोबर पुन्हा खाली येते. एकदा खाली येताना नवव्या मजल्यावरच्या त्या बाईने, ती कोण हे न ओळखून, विचारले, "तुमचा मजला गेला का?"

"नाही," पेर्ला म्हणाली. "आत्ताच होता."

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला उपदेश शोभत नाही. तरी इतके सांगते. तुम्ही मोठे व्हाल, कुणाबरोबर तरी एका छपराखाली राहाल आणि तुमच्या घराला वकील लागेल. घरातला आहे म्हणून नेमू नका, आणि बाहेरचा आहे म्हणून टाळू नका. तो कुणाचा, हे पहिल्या दिवशी विचारा. सगळ्यांना माहीत आहे ते लिहून ठेवा, कारण सगळे कायम राहत नाहीत. आणि नेमायचा तर वेळेवर नेमा. तुमची चर्चा चालू असते तेव्हा कुणी तरी टोपी घालून बंद दारासमोर उभे असते.

माझे दोर आता जुने झाले आहेत. मला काढून नवी लिफ्ट बसवावी, असे कमिटीत बोलणे चालले आहे. कार्दोनांनी ठरावात एक ओळ आधीच घातली आहे, की जी लिफ्ट येईल तीही शनिवारी प्रत्येक मजल्यावर थांबेल. नव्या लिफ्टला अकराव्या मजल्यावर कुणाचे वजन आठवणार नाही. ती नुसते दार उघडेल. म्हणून ते काम तुमच्यावर सोपवते. शनिवारी कधी आत असाल आणि समोर कुणीच नसलेला मजला आला, तर चुळबुळ करू नका. दार आपले आपण मिटते. तोवर थोडे सरकून जागा करा.